पऱ्हाटी ते पियानो : जॅझचा बुलढाण्याशी संबंध काय?

जॅझ आणि बुलढाणा जिल्हा ह्यांचा एकमेकांशी काय संबंध? कोणालाही विचारा, काही नाही असंच उत्तर येईल. आमच्याकडे शेगाव आहे, लोणारचं सरोवर आहे, सिंदखेडराजा आहे, खामगावची चांदी आहे... जॅझ म्हटलं की मात्र डोळ्यासमोर येतं ते मुंबईतलं मोठं हॉटेल, मंद दिवे, सूट घातलेला पियानोवाला आणि मेन्यूकार्डावरच्या किमती वाचून घशाला पडलेली कोरड. ऑफिसात मी एकदा म्हणालो की ह्या दोन गोष्टींचा संबंध आहे, तर टीममधले पुणेकर पाच मिनिटं हसत होते. तर मंडळी, ह्या वीकेंडचा लेख खास त्यांच्यासाठी. संबंध आहे आणि तो चांगला दीडशे वर्षांचा आहे. त्याचं नाव कापूस. आमच्या वऱ्हाडी भाषेत पऱ्हाटी.

आधी, ज्यांनी जेवता जेवता जॅझ गाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं. खोली लहान असते, चाळीस-पन्नास माणसांची. एका कोपऱ्यात पियानो, शेजारी माणसाच्या उंचीचा डबल बास (लांबून पाहिलं तर उभं करून ठेवलेलं अवाढव्य व्हायोलिन), आणि ड्रम. ड्रमवाला बहुतेक वेळ काठ्या वापरत नाही, तारांचे कुंचे घेऊन ढोलाच्या कातड्यावर नुसते फिरवत बसतो. सूप उकळत असल्यासारखा आवाज येतो. आणि मधे माईकसमोर गाणारी बाई किंवा बुवा. गाणी बहुतेक सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची, सगळ्यांना पाठ असलेली. बरीचशी गाणी एकाच साच्यात बसतात: आठ-आठ बारचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे, तिसरा वेगळा. तो आपला अंतरा समजा. गायिका एकदा सरळ गाते. मग पियानो, बास वगैरे मंडळी त्याच साच्यावर आपापलं डोकं चालवतात आणि शेवटी गायिका परत मुखड्यावर येते. पुष्कळदा तीसुद्धा शब्द सोडून नुसत्या अक्षरांत गात सुटते. आपल्याकडच्या बोलतानांची किंवा सरगमची सवय असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. इंटरफेस तोच, इम्प्लिमेंटेशन दर रात्री नवीन.

गेल्या वर्षी मित्रांबरोबर अशा एका ठिकाणी गेलो होतो. नाव सांगत नाही. आमच्या टेबलापासून गायिका दहा फुटांवर. इतक्या जवळून गाणं ऐकलं की श्वास कुठे घेतला तेही कळतं. मला आठवली ती बैठकीची लावणी. तिथेही हेच असतं ना: गाणारी समोर, ऐकणारे हाताच्या अंतरावर, एकच ओळ दहा वेळा पण दरवेळी अदा वेगळी, आणि कोणाकडे बघून गायलं ह्याला अर्थ! फरक एवढाच की त्या रात्री आमच्या मागच्या टेबलावर बिलाचे किती भाग करायचे ह्याची जाहीर चर्चा चालली होती. गायिका हसून गात राहिली. तिला सवय असणार.

ही सवय फार जुनी आहे, आणि तिथूनच आपण कापसाकडे जाणार आहोत.

जॅझचं मूळ शोधत गेलं की माणूस ब्लूजपाशी येतो, आणि ब्लूजच्या मागे अमेरिकेच्या दक्षिणेतली शेतं येतात. तिथे आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं आणि त्यांची मुलंनातवंडं गुलाम म्हणून राबत होती. काम करता करता एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची, अशी त्यांची गाणी. तंबाखू, ऊस, भात ही पिकं तिथे होतीच, पण एकोणिसाव्या शतकात सगळ्यांवर मात केली कापसाने. त्याला कारण एक यंत्र. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी वेगळी करणारं यंत्र बनवलं, 'कॉटन जिन'. हो, आमच्याकडे जिनिंग-प्रेसिंग म्हणतात त्यातलंच हे जिन. यंत्रामुळे माणसांचे कष्ट कमी व्हायला हवे होते. झालं उलटं. सरकी झटपट निघायला लागल्यावर जास्त कापूस लावणं परवडायला लागलं, आणि वेचणी तर हातानेच करायची होती. १८६० पर्यंत अमेरिकेत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली. ऑटोमेशनने काम वाचतं असं म्हणणाऱ्या आपल्या धंद्यातल्या मंडळींनी हा इतिहास एकदा वाचावा...

त्या काळी इंग्लंडमधल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस ह्याच अमेरिकन दक्षिणेतून यायचा. १८६१ ला तिथे यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग इंग्रजांची नजर वळली हिंदुस्थानकडे, विशेषतः काळ्या मातीच्या वऱ्हाडाकडे. वऱ्हाड म्हणजे आजचे बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ. निजामाच्या डोक्यावर कर्ज दाखवून हा मुलूख इंग्रजांनी १८५३ मध्येच आपल्या ताब्यात घेऊन ठेवला होता. आता त्याचं सोनं झालं. कापूस वऱ्हाडातून निघायचा, पैसा मुंबईत जमायचा. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. पण वऱ्हाडात कापूस राहिला तो राहिलाच. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, वाटेत मलकापूर, नांदुरा, शेगाव. खामगाव मुख्य मार्गावर नव्हतं, तर केवळ तिथल्या कापसासाठी जलंबपासून जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा टाकला. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता. आज जलंबला गाडी बदलताना वैतागणाऱ्या प्रवाशाला हे सांगून पाहा, त्याचा विश्वास बसणार नाही!

ह्या सगळ्यात शेतकऱ्याचं काय झालं? जिथे ज्वारी पिकायची तिथे कापूस आला. खायचं धान्य विकत घ्यायची वेळ आली. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याची किंमत वऱ्हाडाने मोजली. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता मुंबईकडे जाऊ. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला आपली एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबईत नाही, नागपुरात. कारण सरळ होतं: कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे दारात. ही गिरणी जोरात चालली. टाटांचा पैसा काही ह्या एकाच गिरणीतून आला नव्हता, पण पुढे त्यांनी जी मोठी स्वप्नं पाहिली त्यामागे विदर्भातल्या कापसाचा वाटा मोठा होता. त्यातलं एक स्वप्न अपोलो बंदरावर डिसेंबर १९०३ मध्ये उघडलं, ताजमहाल हॉटेल. (त्याच १९०३ मध्ये बुलढाणा आणि बाकीचं वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. त्यामुळे आमच्या लोकांचं सरकारी काम नागपूरला आणि कापूस मुंबईला!)

ताजच्या जेवणाच्या दालनात, नाचाच्या हॉलमध्ये सुरुवातीपासून वाद्यवृंद असायचे. पण १९३५ च्या शेवटी तिथे एक वेगळा बँड आला. लिऑन अॅबी नावाचा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपली मंडळी घेऊन हिवाळ्याच्या मोसमासाठी मुंबईत उतरला. खऱ्याखुऱ्या आफ्रिकन-अमेरिकन जॅझ बँडने मुंबईत मुक्काम ठोकायची ही पहिली वेळ. पाठोपाठ १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथ नावाच्या ट्रम्पेटवाल्याचा बँड आला. ('क्रिकेट' हे नाव असलेला माणूस मुंबईत लोकप्रिय होणार नाही तर काय!) त्यांनी ताजच्याच नावाचा एक फॉक्सट्रॉट रेकॉर्ड केला, त्याची रचना मीना सायलस ह्या मुंबईच्या ज्यू माणसाची. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादकही ताजमध्ये वाजवत होता. तो पुढे कोलकात्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला.

ही खोली जरा डोळ्यासमोर आणा. समोर बसलेत गोरे साहेब, संस्थानिक, पारशी शेटजी. वाजवणारे, गाणारे आहेत ते गुलामगिरीतून सुटलेल्यांचे नातू-पणतू, ज्यांना स्वतःच्या देशाच्या दक्षिणेत अशा हॉटेलच्या पुढच्या दाराने आत जाता आलं नसतं. आणि ज्या भिंतींच्या आत हे चाललंय त्या भिंतींत विदर्भाच्या पऱ्हाटीचा पैसा आहे. कापसाची दोन टोकं, मिसिसिपीकडचं आणि वऱ्हाडाकडचं, त्या एका खोलीत आली होती. त्यातलं एक टोक गात तरी होतं. दुसरं तिथे हजर नव्हतं.

जेवणाऱ्यांसमोर गायचं म्हणजे फक्त करमणूकच करायची का, हा प्रश्न तिकडेही होताच. १९३९ साली न्यूयॉर्कच्या 'कॅफे सोसायटी' ह्या छोट्या क्लबात बिली हॉलिडे गात होती. त्या काळात काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसायची मुभा असलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक. तिथे तिने 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणं म्हणायला सुरुवात केली, दक्षिणेत झुंडीने मारून झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांबद्दलचं. मालकाने नियमच केला: हे गाणं कार्यक्रमाच्या शेवटी, तेव्हा वेटरांनी वाढणं थांबवायचं, दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की अंधार, आणि ती परत स्टेजवर येणार नाही. चमचे-काटे खाली ठेवायला लावणारं गाणं! आणि हे जमलं त्यात माईकचाही हात आहे. बालगंधर्वांच्या पिढीला मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला लागायचा. माईक आल्यावर कुजबुजल्यासारखं गाता यायला लागलं, आणि लहान खोलीतलं हे जवळिकीचं गाणं जन्माला आलं.

मुंबईत परत येऊ. अमेरिकन बँड मोसमापुरते यायचे, काहीजण रेंगाळायचे, पण दुसरं महायुद्ध लागल्यावर हे येणं-जाणं आटलं. तोपर्यंत ते संगीत शिकून घेतलेले लोक इथेच तयार होते: गोव्याचे. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वगैरे वाजवायला शिकवत. गोव्यात कामं नव्हती, मग ही पोरं मुंबईला येऊन धोबीतलावला आपल्या गावाच्या 'कूड'मध्ये पथारी टाकायची आणि रात्री हॉटेलात वाजवायची. मिकी कोरिया १९३९ पासून जवळपास दोन दशकं ताजमध्ये बँड चालवत होता. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. नाव मात्र घेतलं 'चिक चॉकलेट'.

मग स्वातंत्र्य आलं आणि पाठोपाठ दारूबंदी! १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढच्या वर्षी कडकपणे लागू झाला. दारू नाही तर हॉटेलांचं गणित बसेना, बँडांना कात्री लागली. पण त्याच सुमारास सिनेमावाल्यांना मोठे वाद्यवृंद हवे होते, आणि नोटेशन लिहिणारी-वाचणारी माणसं म्हणजे बहुतेक हीच गोव्याची मंडळी. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. ती चाल पन्नास वाद्यांना वाटून देणं, कोणी कुठे काय वाजवायचं ते कागदावर उतरवणं हे काम अँथनी गोन्सालविस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशांचं. दिवसा स्टुडिओ आणि रात्री जमेल तिथे जॅझ.

ह्यात आपला मराठी माणूस कुठे? अगदी मधोमध. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. १९४७ च्या 'शहनाई'पासून त्यांनी हा पाश्चात्य ठेका हिंदी गाण्यात बेधडक आणला. १९५१ चा 'अलबेला' बघा. संगीत सी. रामचंद्रांचं, जोडीला चिक चॉकलेट, आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतो. सिनेमाचा हिरो-दिग्दर्शक भगवानदादा, जन्म अमरावतीचा. म्हणजे वऱ्हाडचाच की! १९५७ च्या 'आशा'मधलं ईना मीना डीका तर सगळ्यांना माहीत आहे. त्यात कोकणी शब्द येतात ते रामचंद्रांचे सहायक जॉन गोम्स ह्यांच्यामुळे.

आणि इथे ते गाणं आमच्या जिल्ह्यात पोचलं. मुंबईच्या हॉटेलात आमच्यापैकी कोण जाणार होतं? पण रेडिओ होता. १९५२ पासून केंद्रीय मंत्री बा. वि. केसकरांनी (तेही मराठीच) आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार केलं. असली पाश्चात्य भेसळ त्यांना मुळीच पसंत नव्हती. मग लोकांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बुलढाणा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. पुढे लग्नाच्या वरातीतले बँडवाले हीच गाणी क्लॅरिनेट-ट्रम्पेटवर वाजवायला लागले. नवरदेवापुढे भगवानदादांच्या स्टेपवर नाचलेल्या कोणाही मामा-काकाला सांगा की तुम्ही जॅझच्या ठेक्यावर नाचला होतात. ते म्हणतील, "काहीतरीच काय बे!"

तर हा सगळा प्रवास. कापूस मलकापूर-खामगावहून मुंबईला गेला, आणि गाणं त्याच वाटेने मुंबईहून परत आलं. दोन्ही वेळी एक गोष्ट सारखी झाली. गाठीवर व्यापाऱ्याचा शिक्का असायचा, पिकवणाऱ्याचं नाव नाही. रेकॉर्डवर गायक, संगीतकार, गीतकार. वाजवणाऱ्यांचं आणि अरेंजरचं नाव नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड चालतोय, पण कमिट हिस्टरी उडवून टाकलेली. अँथनी गोन्सालविस हे नाव देशाला पाठ झालं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते, त्यांनी गुरूचं नाव असं आणलं. पण ते नाव गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं की असा एक माणूस खरोखर आहे?

साठच्या दशकात मुंबईत चर्चगेटच्या रस्त्यावर गाण्याबरोबर जेवण देणारी रेस्टॉरंटं पुन्हा बहरली. अॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये क्रिस पेरीच्या बँडबरोबर लॉर्ना कोर्देरो गायची. मुंबईत जन्मलेली, गोव्याची मुलगी, आवाज असा की खोली गप्प व्हावी. दोघांच्या कोकणी गाण्यांत हाच जॅझ मुरलेला आहे. क्रिसपासून वेगळी झाल्यावर ती जवळपास दोन दशकं गायलीच नाही. १९९५ ला परतली. त्यांच्या कहाणीवरून बार्ड्रॉय बारेटोने 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी सिनेमा काढला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुंबईचीच आशा पुथली अमेरिकेत जाऊन १९७१ मध्ये ऑर्नेट कोलमनसारख्या दिग्गजाच्या 'सायन्स फिक्शन' ह्या अल्बमवर गायली. पण इथे सत्तरीनंतर डिस्को आला, टेप आली, पुढे सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतल्या पन्नास वाद्यांची कामंही गेली.

कापसाचं काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणा होता.

ह्याचा अर्थ जॅझ ऐकायला जाऊ नका असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. जरूर जा. तो सूपसारखा उकळणारा ड्रम ऐकायलाच हवा. फक्त हे गाणं श्रीमंतांच्या चोचल्यांतून आलंय असं समजू नका. ते शेतातून आलंय, आणि ती शेतं आपल्या शेतांची लांबची नातेवाईक आहेत. गायिका गात असेल तेव्हा दोन मिनिटं चमचा खाली ठेवा, बिलाची वाटणी पार्किंगमध्ये जाऊन करा. आणि मध्यंतरात बास वाजवणाऱ्याला त्याचं नाव विचारा. कोणी विचारत नाही हो त्याला.

पुढच्या रविवारी जमलं तर सेबॅस्टियन डिसोझांवर लिहायचा विचार आहे. तोवर तुमच्या घरी कोणी 'अलबेला' टॉकीजमध्ये पाहिलेला असेल तर त्यांना नक्की विचारा, आणि मला कळवा.